कवळीकाकांचा ब्लूज

दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवणाऱ्या माणसाला सगळे कवळीकाका म्हणत, आणि त्यांना ते आवडायचंही. हिरड्यांचा साचा हातात आला की त्यातला कणभर उंचवटा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपल्यामुळे बाद झाली, असं ते छातीठोकपणे सांगत.

पन्नाशीत गिटार घेतली तीही याच तोऱ्यात. फार जुन्या, घासलेल्या तबकडीवरचा एक ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं दुःखाचं गाणं, कोणीतरी एकही सूर न गाळता कागदावर उतरवला होता. सहा रेघा म्हणजे सहा तारा, रेघेवरचा आकडा म्हणजे तार कुठे दाबायची. काकांना वाटलं, हा तर आपलाच धंदा. साचा दिलाय, कवळी काढायची. अंगठ्यानं जाड तारांवर ठेका आणि बोटांनी बारीक तारांवर चाल, हे जमेपर्यंत बोटांची सालं निघाली, पण पठ्ठ्या हटला नाही. दुसऱ्या ओळीनंतर दोन ठोके उगाचच जास्त होते. तेही त्यांनी जसेच्या तसे बसवले.

खरा डाव वेगळाच होता. काकू पूर्वी सुरेख गायच्या. दम्यानं गाठल्यापासून त्यांनी गाणं टाकलं, तेव्हापासून घर काकांना खायला उठायचं. दवाखान्याच्या वर्धापनदिनाला दोघांनी मिळून हे गाणं म्हणायचं, असा त्यांनी हट्टच धरला. काकू कशाबशा तयार झाल्या, पण अट घालून. हे एकदाच. जमलं नाही तर पुन्हा माझ्यापुढे गाण्याचं नाव काढायचं नाही.

तालीम सुरू झाली आणि काकू रोज मागे पडू लागल्या. काका थांबत, कागदावर बोट ठेवत, की पुन्हा पहिल्यापासून. एका संध्याकाळी काकूंनी विचारलं, हे जास्तीचे दोन ठोके कशाला? काकांनी फुशारकीनं सांगितलं, मूळ गायकानं तिथे श्वास घेतलाय, म्हणून.

"म्हणजे त्या बाबाला दम लागला तिथे तुम्ही इमानेइतबारे थांबता," काकू म्हणाल्या. "मला लागतो तिथे थांबायला कागदावर लिहून आणू का?"

काका ओशाळले. एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात बसवायचा उद्योग त्यांनी जन्मात केला नव्हता, आणि घरात नेमका तोच चालला होता. त्यांनी कागद मिटून कपाटावर टाकला.

कार्यक्रमात दुसऱ्या कडव्याच्या मध्येच काकू थांबल्या. काकांचा अंगठा जाड तारेवर चालत राहिला. गाणं संपलं असं समजून डॉक्टरांनी टाळ्या सुरू केल्या, तेव्हा त्यांच्या बायकोनं त्यांचा हात धरला. काका काकूंच्या खांद्यांकडे बघत होते. खांदे वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. काकूंनी सूर पकडला तेव्हा काकांची बोटं बरोबर तिथेच होती. आनंदानं त्यांचे डोळे भरून आले.

घरी परतताना काकू जिन्याच्या वळणावर पायरीवर टेकल्या. काकाही शेजारी बसले आणि काहीतरी बोलायला लागले, तर काकूंनी हातानंच थांबवलं. पुरता श्वास घेऊन झाल्यावर म्हणाल्या, "उद्या दुसरं बसवायला घ्या. हे फार लवकर संपतं."