शकूताईची शेवळं

शकूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिनेच पाठवलेली चटणी भाकरीला लावून खात होतो, आणि या खेपेला ताईचा हात जरा बिघडलाय असं मनात म्हणत होतो. पलीकडून तिचा मुलगा म्हणाला, "मामा, आई गेली. सकाळी चहा ठेवला, खुर्चीत बसली, आणि तेवढंच…" तोंडातला घास इतका कडू लागला की मला वाटलं, वाईट बातमीची चव अशीच असणार. जरा वेळाने सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, ती डबी उचलली, चष्मा लावून लेबल वाचलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, हा माझ्या गुडघ्यांचा निर्गुडीचा लेप आहे. चटणी दुसऱ्या डबीत." एरवी असलं काही केलं की पहिला फोन मी ताईला करायचो. ती पोटभर हसायची आणि मग किती खाल्लास, किती वाजता, पोटात काय होतंय, हे सगळं विचारून लिहून घ्यायची. त्या दिवशीही हात फोनकडे गेला होता…

शकूताई माझी थोरली चुलत बहीण. मुंबईत एका कंपनीच्या प्रयोगशाळेत क्रीम आणि शांपू तयार करण्यात तिची सगळी नोकरी गेली. "डबीवर पानाचं चित्र हे एवढं, आणि आत पान चिमूटभर," असं ती म्हणायची. निवृत्त झाल्यावर भिसेगावच्या घराची मागची खोली तिने रिकामी केली, वजनकाटा आणला, भाजीपाला वाळवायचं यंत्र आणलं, आणि आपल्या कर्जत-खालापूरच्या डोंगरात जे आपोआप उगवतं त्यातलं काय खाता येईल, काय अंगाला लावता येईल, कशाने दुखणं उतरेल, याच्या मागे लागली. रिठ्याच्या प्रयोगाला तिला डोकी लागत, कोकमतेलाला भेगाळलेल्या टाचा. माझ्याकडे डोकं होतं पण त्यावर केस नव्हते, म्हणून माझी नेमणूक खाण्याच्या खात्यात झाली.

पण तिचा जीव खरा अडकला होता तो शेवळ्यांत. शेवळं म्हणजे जूनच्या तोंडावर जमिनीतून वर येणारे जांभळट कोंब. भाजी अशी की मटण बाजूला ठेवावं, पण नीट केली नाही तर घसा असा खाजतो की माणूस भिंतीला मान घासतो. आमच्याकडे म्हणूनच त्यात काकडं घालतात, काकड नावाच्या झाडाची ती आंबट-तुरट हिरवी फळं. दोन्ही मिळतात ती जेमतेम तीन आठवडे. ताईला शेवळं वाळवून, पाकिटात भरून, वर्षभर कुणालाही करता येतील अशी द्यायची होती. कोंबांत सुईसारखे बारीक कण असतात, ते टोचतात म्हणून खाजतं, एवढं तिला माहीत होतं. ते वाळवतानाच मारायचे कसे, हा प्रश्न होता. खालापूरच्या बाजूच्या गावातून हौसाबाई तिला शेवळं आणून द्यायची. ती म्हणायची, "काकडं नाय तर शेवळं नाय, ताय. उगा कशाला त्याच्या वाटंला जाते?"

मागच्या वर्षी ताईने वाळवलेल्या शेवळ्यांची भाजी काकडं न घालता केली आणि आम्हा दहा नातेवाइकांना बोलावलं. एकाने दुसऱ्याचं तोंड बघू नये म्हणून प्रत्येकाला वेगळं बसवलं. पंधरा मिनिटांनी ती वही घेऊन माझ्यासमोर आली. माझ्या कानांच्या मागे मुंग्यांची वरात निघाली होती. पण थोरल्या बहिणीने रांधून वाढलेलं, वर समोर उभी राहून विचारते, तिला वाईट झालंय म्हणायचं? आमच्या घरात हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही. मी म्हणालो, "मस्त झालीय, ताई. खाजत-बिजत नाही." आणि तिसऱ्यांदा कोकम सरबत मागितलं. तिच्या वहीत दहापैकी दहा 'नाही' आले. तिला इतकी खूश मी तिच्या लग्नातही पाहिलेली नव्हती. कळंबच्या एका रिसॉर्टवाल्याने पाकिटं मागितलीच होती, त्याला तिने लगेच होकार कळवला.

दुसऱ्या दिवशी हौसाबाई आली. उभ्याउभ्या एक घास खाल्ला आणि म्हणाली, "खाजतंय."

"अगं, काल दहा जणांनी खाल्लं. कुणालाच खाजलं नाही."

"ती तुजी मानसं हायत, ताय. घसा धरून बसतील, पन तुज्या तोंडावर खाजलं म्हननार नाय."

ताईने एकेकाला फोन लावला. माझ्यानंतर आणखी सहा जणांनी कबुली दिली. तिने रिसॉर्टवाल्याला नकार कळवला, तर तो म्हणे, "राहू द्या हो ताई, शहरातले पाहुणे आहेत, थोडं खाजलं तर गावरान चव म्हणून खूश होतील." ताई म्हणाली, "घसा शहरातला असला तरी घसाच असतो," आणि फोन ठेवला. वाळवलेली सगळी शेवळं तिने मागच्या खड्ड्यात टाकली. मला मात्र ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मला वाईट वाटू नये म्हणून तू माझा एक हंगाम खाल्लास रे. आणि माझ्याकडे हंगाम काही ढीगभर नाहीत."

रागावली असती तर बरं झालं असतं.

यंदा जूनमध्ये ती पुन्हा कामाला लागली. हौसाबाईचं काकडांबद्दलचं म्हणणं तिने वहीत पहिल्या पानावर, तिच्या नावासकट लिहून घेतलं, काकडांच्या रसात कोंब भिजवले, किती वेळ भिजवायचे याचे सात-आठ प्रकार करून पाहिले आणि शेवटी एक पद्धत पक्की केली. या वेळी खाणारे बाहेरचे बोलावणार होती, नातेवाईक एकही नाही, आणि मला वगळल्याचं तिने हसत सांगितलंही होतं. त्यांना बोलवायच्या आतच ती गेली.

गेल्या आठवड्यात हौसाबाई आमच्या दारात आली. ताईच्या खोलीतलं या वर्षीचं एक पाकीट तिने आणलं होतं. "मी खाल्ली. माजं मी सांगनार नाय. तुमी खा आनि बगा," एवढं बोलून पाणीसुद्धा न घेता ती वळली. सुनंदाने भाजी केली. काकडं नाही, चिंच नाही, काहीच आंबट नाही, ताईने पाकिटावर लिहिलं होतं तसंच. मी एकटा जेवायला बसलो, ताट पुसून खाल्लं आणि घड्याळ समोर ठेवलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली. घसा शांत. कानांच्या मागे काही नाही. मी चांगली वीस मिनिटं वाट पाहिली, आणि मग सुनंदाला म्हणालो, "नाही खाजत."

तिने माझं रिकामं ताट उचललं. मग म्हणाली, "आता तरी खरं सांगा. वाईट वाटून घ्यायला वन्सं नाहीत."