रिकामा यजमान

"यजमान रिकामा केलाय, आता पॅच मारते," वैशाली फोनवर कुणालातरी सांगत होती, आणि मी चहाचा घोट घेता घेता थांबले.

आमच्या इस्पितळाचे सर्व्हर ती सांभाळते. एकेका खऱ्या सर्व्हरच्या पोटात अनेक आभासी सर्व्हर चालतात. पोटातले ते पाहुणे आणि ज्याचं पोट तो यजमान, हे तिचं मराठी. यजमानाला सुरक्षेचा पॅच, म्हणजे ठिगळ, मारायचं तर तो बंद करावा लागतो, म्हणून पाहुणे आधी शेजारच्या यंत्रात हलवतात. तेही चालू असताना.

तिच्या सर्व्हरच्या खोलीच्या काचेपलीकडे केसपेपरच्या खिडकीवर एक बाई तापलेल्या बाळाचं नाव सांगत होती. कागद न अडखळता छापून आला.

"मग केसपेपरचा सर्व्हर आत्ता नक्की आहे कुठे?" मी विचारलं.

"यात होता, काकू. आता त्यात." तिने एका यंत्रावर हात ठेवला, मग दुसऱ्यावर. "पण यंत्र म्हणजे तो नव्हेच ना. तसा तो... कुठे म्हणायचं?"

मला तिचा रागच आला. चालतंय ते कुठेतरी असायला नको? माझे यजमान गेले तेव्हाही सगळे असंच म्हणाले, शरीर म्हणजे ते नव्हेत. मग कुठे आहेत, हे कुणीच धड सांगितलं नाही. मी दोन यंत्रांच्या मधे बघत राहिले. तिथे नुसती एक वायर होती.

तेवढ्यात बंद यंत्राचा पंखा घरघरला, दिवे लागले.

"उठला बाई यजमान!" वैशालीने हुश्श केलं.

मी चटकन उभी राहिले आणि पदर सारखा केला.