निकिताच्या मोळीची राखण

माझी सून निकिता वेबसाइटी बनवते. हे मी चारचौघांत छाती काढून सांगतो, अन् कुणी "म्हंजे नेमकं काय करती?" असं विचारलं की मला एकदम शेळीला पाणी पाजायचं आठवतं.

शेवटी तिनंच समजावलं. "मामा, पान हलतं ते स्क्रिप्टमुळं, रंगरूप येतं ते स्टाईलमुळं. त्याच्या सुट्या फायली लई असतात. मोबाईल एकेक वेचत बसला तर गिऱ्हाईक पळून जाईल. म्हणून कॉम्प्युटरच्या त्या काळ्या खिडकीत एक हुकूम टाईप करायचा, की सगळ्याची मोळी होते."

मोळी म्हटल्यावर आपण खूश. कोपरगावच्या उसात जन्म गेला. मोळीतलं आपल्याला कोण शिकवणार?

त्या दिवशी शिर्डीचे लॉजवाले सत्तारशेठ साइट बघायला येणार होते. पसंत पडली तर निकिताचं हे स्वतःचं पहिलं काम, नाहीतर ते नाशिकच्या कंपनीला जाणार. सकाळपासून पोरीच्या घशाखाली घास उतरला नव्हता. शेठना घर सापडेना, म्हणून ती फाट्यावर निघाली.

"मामा, वॉच लावलाय. फाईलीत जरा जरी बदल झाला तरी तो आपोआप नवी मोळी बांधतो. हात लावू नका."

"वॉच म्हंजे?"

"राखण!"

आता राखणीला मी कधी नाही म्हटलंय? कॉम्प्युटरपुढं खुर्ची ओढली, चिवड्याची वाटी घेतली अन् रानडुकराची वाट बघितल्यागत बसलो. डुक्कर काही आलं नाही. चिवडा मात्र कीबोर्डात सांडला. शेठ काय म्हणतील? म्हणून बैलाला खरारा करावा तसा खांद्यावरच्या टॉवेलानं कीबोर्ड खसाखसा पुसला.

पुसताना कुठली बटणं दाबली गेली कुणास ठाऊक, पडद्यावरचं शेठचं लॉज उघडंनागडं झालं. रंग गेले, फोटो एकाखाली एक लोंबायला लागले. मला सुचलं ते केलं. टॉवेल पडद्यावर टाकला.

तेवढ्यात दोघं दारात.

"झाकून का ठिवलंय?" शेठनी विचारलं.

"नजर लागती," मी म्हणालो.

निकितानं टॉवेल उचलला. "मामा?"

"डुक्कर मीच हुतो, पोरी."

शेठ हसले नाहीत. निकितानं काळी खिडकी पुढं ओढली. तिथं पिवळ्या अक्षरांत कुरकुर चालली होती: अमक्या फाईलीत, अमक्या ओळीत कंस उघडलाय, मिटलेला नाही. तिनं तिथला माझा कचरा काढला. मोळी पुन्हा बांधली गेली, लॉज रंगात आलं.

शेठनी स्वतः बटणं दाबून पाहिली. मग म्हणाले, "आमच्या काउंटरला मेव्हणा बसतो. रोज असंच कायतरी दाबतो. फोन केला तर उचलशील का?"

"उचलीन की."

"मग काम तुझं."

मी म्हणालो, "शेठ, एकदा त्या मेव्हण्याची अन् माझी गाठ घालून द्या."

"नको!" दोघंही एकदम ओरडले.