बोधगयेचं रिझर्वेशन

देवराव गणवीरांना राग आला की आधी कान लाल व्हायचे, मग चष्मा नाकावरून खाली घसरायचा आणि सर्वांत शेवटी आवाज यायचा. रेल्वे डाक सेवेत बावीस वर्षं सॉर्टर म्हणून काढलेला माणूस; त्यांचा रागसुद्धा लावून ठेवल्यासारखा, क्रमाने बाहेर पडे. घरातली माणसं कानांवर लक्ष ठेवून असत. कान पाहिले की बायको प्रेमिला दुधाचं भांडं आत नेऊन ठेवी.

ही बावीस वर्षं त्यांनी गाडीत काढली होती, पण प्रवास केला नव्हता. नागपूर ते इटारसी आणि इटारसी ते नागपूर, डाकेच्या लाल डब्यात, तोंड लाकडी खणांकडे आणि पाठ जगाकडे. हातातलं पाकीट कुठल्या खणात जायचं ते बोटांनाच कळे. पांढुर्ण्याची थैली हलकी आणि बैतूलची जड, ह्यापलीकडे त्या गावांची त्यांची ओळख नव्हती. वाटेत घाट लागतो, बोगदे लागतात, हे त्यांना पोरीच्या शाळेतल्या भूगोलातून समजलं. कधी एखाद्या पाकिटावर 'बोधगया, जि. गया' असा पत्ता दिसायचा. ते पाकीट खणात टाकण्याआधी देवराव ते जरा जास्त वेळ हातात धरत, एवढंच.

सरकारी नोकराला चार वर्षांतून एकदा सहकुटुंब कुठंही फिरून यायची सवलत असते. देवरावांच्या सवलती बहिणीच्या लग्नात, आईच्या मोतीबिंदूत आणि साहेबाच्या 'ह्या वर्षी नको' मध्ये वाया गेल्या होत्या. एकोणऐंशी साली मात्र त्यांनी ठरवलं. बुद्धपौर्णिमेला बोधगया. आई प्रयागबाई, बायको, आठ वर्षांची मितू आणि आपण. मितूचं खरं नाव संघमित्रा, पण तेवढं नाव हाक मारायला पुरत नाही, उरतं. चार बर्थ, त्यांतली एक खिडकी देवरावांची. आईने पांढरं लुगडं निळीत घालून, घडी करून पेटीत वर ठेवलं होतं. दिवसातून दोनदा ती पेटी उघडून ते लुगडं पळालं तर नाही ना, ते पाहत होती.

गप्प बसून गेले असते तर ही गोष्टच झाली नसती. पण देवरावांनी विहाराच्या सभेत जाहीर केलं. विहार कमिटीचे सेक्रेटरी चंपतराव ह्यांनी लगेच 'आपल्या इंदोरा वस्तीतून सहकुटुंब बोधगयेला जाणारे पहिले सॉर्टर' म्हणून टाळ्या मागितल्या, आणि स्टेशनवर हार घालून निरोप द्यायचा ठराव पास करून टाकला.

निघायला दोन दिवस उरले होते. सकाळी मितूला आंघोळ घालताना प्रयागबाईंना पोरीच्या पोटावर पाण्याने भरलेले दोन फोड दिसले. पाठीवर चार. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि पन्नास वर्षांच्या सवयीने तोंडून निघालं, "प्रेमिला वं, माय आली घरी!"

देवराव चहा पीत होते. कान लाल झाले.

"कोण आली?"

"माय."

"कोणाची माय? प्रेमिलाची माय मरून धा वर्ष झाले. माही माय तू, इथं बसून हायेस. ही तिसरी माय कोण आली बाप्पा?"

चष्मा घसरला.

"तसं नाही रे बाबू, बोलाची रीत हाय..."

"रीत! छप्पन साली दीक्षा घेतली. घरातले समदे देव टोपल्यात भरून मी स्वतः नाग नदीत सोडून आलो. अन् तू तेवीस वर्षांनी त्यातली एक परत बोलावून राहिली? रोग हाय तो, रोग!"

हा आवाज तीन घरं पलीकडे गेला.

देवरावांच्या ह्या रागाला मूळ होतं आणि ते उमरेडकडच्या त्यांच्या गावात होतं. पटकी येवो, देवी येवोत, गावात रोग शिरला की मरीमायचा गाडा निघायचा. मातेची मूर्ती, लिंबू, नारळ, गावाची सारी रोगराई त्या गाड्यात घालायची आणि तो गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचा. पूजेला गावातले मोठे लोक. ओढायला देवरावांचा बाप. त्यासाठी कोणी विचारायला येत नसे. फक्त सांगावा येई. जोहार करून बाप निघायचा आणि सात वर्षांचा देवराव मागून त्याच्या पायांची धूळ पाहत उभा राहायचा. म्हणून 'माता' हा शब्द ऐकला की त्यांना आजही कोणी तरी गाड्याला जुंपतंय असं वाटे.

तोवर प्रयागबाईंनी दाराला कडुनिंबाचा डहाळा खोचलाही होता.

"काढ तो!"

"पोरीले खाज सुटल नं. पाला लागतेच."

"पाल्याले दारावर खाज सुटून राहिली का?"

देवरावांनी मितूला सायकलच्या दांडीवर बसवलं आणि दवाखान्यात नेलं. औषधापेक्षा त्यांना साक्षीदार हवा होता. डॉक्टरांनी पोरीची जीभ पाहिली, पाठ पाहिली आणि म्हणाले, "कांजण्या आहेत. विषाणूमुळे होतात."

देवरावांचा चेहरा फुलला. "पुन्हा एकदा सांगा डॉक्टरसाहेब. विषाणू?"

"हो. विषाणू."

"देवी-बिवी काही नाही?"

"छे हो."

"बस्! हेच ऐकायचं होतं. परवा आम्ही बोधगयेले निघालो."

"अजिबात नाही," डॉक्टर म्हणाले. "सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत हिला घराबाहेर काढायचं नाही. गाडीत तर नाहीच. डब्यातल्या ज्याला झालेल्या नाहीत, त्याला होतील. गळकं पार्सल तुम्ही थैलीत घेता का? खायला साधं द्या, तेल-तिखट नको. खाजवू देऊ नका. कडुनिंबाच्या पाण्याने पुसलं तरी चालेल, थंड वाटतं."

बाहेर जाऊ नका, फोडणी नको, कडुनिंब लावा. एवढा शिकलेला माणूस, भिंतीवर काचेत सर्टिफिकेट, आणि सकाळपासून आई जे सांगत होती तेच हा लेटरहेडवर लिहून देत होता. देवरावांना आईचा आला नसेल एवढा राग डॉक्टरांचा आला.

तरीही डोक्याने ते मानायला तयार झाले होते. सायकल ढकलत परतताना पानठेल्यावर चंपतराव भेटले नसते, तर गोष्ट तिथेच मिटली असती. चंपतराव मनाने वाईट नव्हते, पण बातमी त्यांच्या तोंडात विड्यासारखी रंगायची.

"काय गा देवराव, मातेनं म्हणे घरी बसवलं तुमाले?"

"कांजण्या हायेत पोरीले."

"हो नं, कांजण्याच. आमी बी बाहेर तसंच सांगू." चंपतरावांनी डोळा बारीक केला. "पण दाराले निंब दिसला मले. आता माणूस सभेत किती बी बोलते, घरच्या बायांपुढं कोणाचं चालते? हार सांगून ठेवले होते. नाही म्हणू का फुलवाल्याले?"

ठेल्यावरचे दोघे-तिघे हसले. मितू दांडीवर बसून आपले हात फ्रॉकमध्ये लपवू लागली. ते देवरावांनी पाहिलं, आणि तिथेच सगळं बिघडलं.

"काहून नाही म्हणता?" ते गरजले. "परवा जाऊनच राहिलो! तुमी या, समदे या, हार जाडा आणा!"

घरी आले ते सरळ चुलीकडे. "आज वांग्याची भाजी. लसूण-मिरचीची फोडणी देऊन. मी करतो." प्रेमिला काही बोलायच्या आत तेल तापलं, मिरच्या पडल्या. माता आली की घरात फोडणी देत नाहीत; तिला ठसका लागावा म्हणून मुद्दाम दिलेल्या त्या फोडणीचा ठसका आधी प्रेमिलाला लागला, मग आईला, मग आतल्या खोलीत अंग दुखून पडलेल्या मितूला. खोकता खोकता ती रडायला लागली. रडली म्हणून खाजवायला लागली. देवराव झारा हातात धरून धुरात उभे होते. राग आता नेमका कोणावर काढायचा ते त्यांना सापडत नव्हतं.

"परवा जाऊन राहिलो आपण," ते धुरातूनच म्हणाले. "लांब बाह्यांचा फ्रॉक घाला तिले. डोक्यावर ओढणी. कोणाले दिसत नाही."

प्रेमिला एरवी कमी बोलणारी बाई. पदराने डोळे पुसून ती म्हणाली, "अन् समोरच्या बाकावर कोणाचं अंगावरचं लेकरू असलं तं? कोणी पोटुशी असली तं?"

"तं मी काय करू? माह्या बापाचा कोणी इचार केला होता का? आमची फिकर कोणं केली आजपर्यंत? मंग मीच काहून जगाची करू? बावीस वर्ष मी लोकायचे कागद वाहून राहिलो. एक डाव, एकच डाव मी खिडकीपाशी बसतो म्हणलं, तं..." पुढचं वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही. ते वाक्य रागाचं नव्हतं.

प्रयागबाई मितूच्या उशाशी कडुनिंबाच्या डहाळीने वारा घालत होत्या. वारा न थांबवता त्या म्हणाल्या, "देवा, तुहा बाप गाडा कुठं नेत होता?"

"शिवेबाहेर. मालूम हाय मले."

"आपली शीव सपली की दुसऱ्या गावची लागते नं बाबू. तिथं सोडून येत. मंग त्या गावात सुरू होये. एक खेपेला तुह्या आत्याच्याच गावच्या शिवेत सोडला. पंधरा दिसांत तिचे दोन लेकरं गेले. गाड्यानं गेले का हवेनं, मले काय समजते? पण तुहा बाप त्या दिसापासून जेवताना बोलला नाही कोणाशी. मले म्हणे, 'ओढायले लावलं त्याचा राग हायच माह्या मनात. पण नेऊन सोडला तं मीच नं.'"

डहाळी हलत राहिली.

"मी कुठं म्हणलं माता हाय म्हणून? तोंडाची सवय हाय मेली. मले एवढंच समजते, त्याले जुलमानं ओढा लागे. तू तं रिझर्वेशन करून नेऊन राहिला."

देवरावांचे कान लाल झाले. चष्मा नाकाच्या शेंड्यापर्यंत आला. प्रेमिलाने सवयीने दुधाचं भांडं उचललं. पण त्या दिवशी पहिल्यांदाच तिसरी गोष्ट आली नाही. देवरावांनी झारा खाली ठेवला, चूल विझवली, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि तिकिटं खिशात घालून स्टेशनला गेले. तिकीट-खिडकीतल्या बाबूने चौकशी केली, "क्यों साब, कैन्सल क्यों?" त्याच्यावर मात्र ते भरपूर ओरडले. त्याचा काही दोष नव्हता, पण तेवढा राग घरी परत नेणं बरं नव्हतं.

येताना पुठ्ठा आणि शाई आणली. थैल्यांवर पत्ते लिहिताना काढायचे तसं टपोरं अक्षर काढून दारावर, डहाळ्याच्या बरोबर खाली, पाटी ठोकली:

'ह्या घरात कांजण्या आहेत. हा विषाणूचा रोग आहे. माता, देवी, माय ह्यांपैकी कोणीही ह्या पत्त्यावर राहत नाही. ज्यांना हा रोग पूर्वी झालेला नाही त्यांनी आत येऊ नये. — दे. गो. गणवीर, सॉर्टर.'

"डहाळा राहू देऊ का?" प्रयागबाईंनी विचारलं.

"डॉक्टरानं लिहून देल्ला हाय," देवराव तुटकपणे म्हणाले. "त्याचा हाय तो. तुह्या मायचा नाही."

आई पेटीशी गेली. लुगड्याची घडी वरून काढून तळाशी ठेवू लागली, तशी देवरावांनी मान फिरवली. डॉक्टर, चंपतराव, तिकीट-खिडकीतला बाबू, एवढ्यांचा राग त्यांना करता आला होता. त्या घडीचा करता येईना.

"पुढच्या चार वर्षांनी मी असतो का नसतो, कोणं पाहिलं," देवरावच म्हणाले. खरं तर हे तिने म्हणायचं.

"अरे, बुद्ध अडीच हजार वर्षापासून तिथंच बसून हायेत," प्रयागबाई म्हणाल्या. "ते कुठं जाऊन राहिले?"

ठरल्या दिवशी संध्याकाळी चंपतराव दोन माणसं आणि चार हार घेऊन आले. स्टेशनवर वाट पाहून थकलेले, त्यामुळे तोंडात ऐनवेळचं भाषण तयार होतं. "म्हणजे शेवटी मातेनं..." असं म्हणत त्यांनी पायरीवर पाय ठेवला.

"थांबा!" देवराव दारात आडवे उभे राहिले. "पाटी वाचा. मोठ्यानं."

चंपतरावांनी वाचली. शेवटच्या ओळीला आवाज बारीक झाला.

"लहानपणी झाल्या होत्या का तुमाले?"

"मले... याद नाही बुवा. माय असती तं सांगतलं असतं."

"मोठ्या माणसाले झाल्या तं लय जड जातात म्हणे."

चंपतराव एक पायरी उतरले. मग दुसरी. मग अंगणातून थेट रस्त्यावर गेले.

"काहून गा?" देवराव ओरडले. तीन दिवस साठलेला सगळा आवाज एकदम बाहेर आला, चार घरं पलीकडे गेला. "मातेले भेता का? सेक्रेटरी असून?"

"मातेले नाही रे बाबा, विषाणूले!" चंपतराव रस्त्यावरून ओरडले.

"हां! आता बोलले! हेच उद्या सभेत सांगा. हार ठेवून जा तिथं."

हार आत आले. पौर्णिमेच्या दिवशी प्रयागबाईंनी पेटीच्या तळातून लुगडं काढून घरीच नेसलं. तथागतांच्या तसबिरीला चारही हार घातले, इतके की चेहरा शोधावा लागला. मितू अंगभर पांढऱ्या मलमाचे ठिपके घेऊन समोर बसली आणि खीर खाताना एक हात सारखा पाठीकडे नेत होती. तिची आजी तो हात सारखा परत आणत होती.

संध्याकाळी पलीकडच्या जरीपटका वस्तीच्या बाजूने इटारसीकडे जाणाऱ्या गाडीची शिटी ऐकू आली. देवराव खिडकीपाशी उठून गेले. समोर फक्त शेजाऱ्याची भिंत होती. त्यांची जागा तीन दिवसांपूर्वीच कोणाच्या तरी नावावर चढून निघून गेली होती.

कान हळूहळू लाल झाले.

"बसला असंल कोणी तरी," ते पुटपुटले. "फोकट भेटली जागा त्याले. बाहेर पाहून ये म्हणा लेकाले. झोपून नको जाऊ."