क्नूटपर्यंत टिकणारं घर

माझा मेहुणा बिर्गर याने चाळीस वर्षं लाकडी बोटी बांधल्या. आमच्या क्लॉव्हेर बेटावर त्याच्या हातची बोट नाही असा धक्का शोधून सापडणार नाही. वादळात लोकांची छपरं उडाली, पण बिर्गरची बोट बुडाली असं कुणी ऐकलं नाही. असा हा माणूस दर डिसेंबरात हातभर उंचीचं जिंजरब्रेडचं घर बांधतो आणि ते नाताळ सरायच्या आत जमीनदोस्त होतं.

मी मायवोर, त्याच्या बायकोची, बेरितची, धाकटी बहीण. त्यांच्या शेजारीच राहते. त्यामुळे मला सगळं दिसतं, आणि दिसलं की बोलल्याशिवाय माझ्या पोटात राहत नाही.

आलं-लवंग-दालचिनीची कणीक आदल्या दिवशी मळून थंडीत ठेवायची, पुठ्ठ्याचे साचे ठेवून भिंती कापायच्या, भाजायच्या, मग तव्यात साखर वितळवायची आणि कडा तिच्यात बुडवून झटकन चिकटवायच्या. ती साखर बोटाला लागली की कातडी सोलूनच निघते. डिसेंबरात इथे प्रत्येकाच्या एका तरी बोटाला पट्टी असते. बिर्गरच्या पाच बोटांना असते, कारण तो भिंत धरली की सोडत नाही. लेव्हल लावून बघतो, एक डोळा मिटून बघतो, दाराची चौकट मिलिमीटरने हुकली तर अख्खी भिंत पुन्हा भाजतो.

एवढं करून घर पडतंच. दोष हवेचा. आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ कमी आणि समुद्रावरचं ओलं धुकं जास्त. त्यात बेरितच्या स्वयंपाकघरात सतत बटाटे नाहीतर मासे उकळत असतात. भिंती वाफ पितात आणि मऊ पडतात. तीन वर्षांपूर्वी लुसियाच्या सणालाच, म्हणजे तेरा डिसेंबरलाच, छप्पर घसरलं. गेल्या वर्षी ऐन जेवणात पुढची भिंत मोहरीच्या सॉसच्या वाटीत पडली. नियम असा, की तेरा जानेवारीला, क्नूटच्या दिवशी, नाताळच्या झाडाची सजावट उतरते, पोरं झाडाभोवती नाचतात आणि मग घर फोडून खातात. तोवर त्याला बोट लावायचं नाही. पण पडलेल्या घराला कसला नियम? नातवंडं पडल्या जागी त्याचा फडशा पाडतात.

यंदा गावच्या सभागृहात लुसियाच्या कॉफीला दुकानदार स्टेलानने सगळ्यांसमोर काडी टाकली. "काय बिर्गर, या वर्षी घराला नांगर टाकतोयस का?"

अख्खं सभागृह हसलं. मीही हसले, खोटं का सांगू? बिर्गर लालबुंद झाला आणि म्हणाला, "यंदा क्नूटपर्यंत उभं राहिलं नाही ना, तर पुन्हा कणकेला हात लावणार नाही. तुझ्या दुकानातलं खोक्यातलं घर घेऊन जाईन."

माझं हसू तिथेच विरलं. बोटी बांधायची शेड विकल्यापासून त्याच्या हातांना एवढंच एक काम उरलं होतं. तेही गेलं तर हा माणूस डिसेंबरभर खिडकीशी बसून धुकं बघत राहणार, हे मला आणि बेरितला लख्ख दिसलं. पण बिर्गर बोलला की बोलला, शब्द फिरवणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून फर्मानं सुटली. घरात काही उकळायचं नाही. ओले मोजे आत आणायचे नाहीत. कॉफीसुद्धा झाकण लावून. बेरितने नाताळचे बटाटे अंगणात, रेनकोट घालून, सहलीच्या स्टोव्हवर उकडले.

"बेरित, तू याच्याशी लग्न केलंस की याच्या घराशी?" मी कुंपणावरून विचारलं.

"तू गप्प बस आणि छत्री धर," ती म्हणाली.

नाताळ पार पडला. घर उभं! पण सत्तावीस तारखेला मी सहज डोकावले, तर धुराडं डावीकडे कललेलं आणि मागची भिंत पोट सुटल्यासारखी बाहेर आलेली. बिर्गर समोर स्टुलावर बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. मला इतकं वाईट वाटलं, की मी चक्क काही न बोलता परत आले.

दोन दिवसांनी बघते तर भिंत सरळ, धुराडं ताठ, आणि छप्पर चकाकतंय.

"काय केलंस रे?"

"अंड्याच्या पांढऱ्याचा हात दिला," तो म्हणाला आणि पेपरात तोंड खुपसलं.

वास आला होता मला. पण चाळीस वर्षं त्या माणसाच्या अंगाला तोच वास येतोय, आम्ही तो वेगळा असा हुंगतच नाही.

क्नूटच्या दिवशी खोली भरली. स्टेलानही आला, मुद्दाम. त्याने घराला एक प्रदक्षिणा घातली, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "मानलं बुवा तुला!" बिर्गरची छाती दोन इंच फुगली. नाच झाला. मग सात वर्षांच्या नातीच्या, तूवाच्या, हातात लाटणं दिलं, पहिला घाव तिचा.

ठक्! घर जागचं हललं नाही. पुन्हा ठक्! लाटणं उसळून मागे आलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. बिर्गर मात्र पांढरा पडत चालला होता. तिसऱ्या घावाला छपराचा कोपरा निघाला. तूवाने तो उचलला आणि तोंडाकडे नेला.

"खाऊ नकोस!" बिर्गर असा ओरडला, की स्टेलानची कॉफी सांडली. त्याने तो तुकडा तिच्या हातातून हिसकावला. "वार्निश आहे त्याला. बोटीचं. तीन हात."

"अरे देवा! मुलं खाणार होती ना ते!" बेरितने कपाळाला हात लावला.

"मी विसरलो," तो पुटपुटला. "चाळीस वर्षांत माझी बोट कुणी खाल्ली नाही गं."

स्टेलान इतका हसला, की त्याला खाली बसावं लागलं. बिर्गरने ॲप्रन सोडला, नीट घडी घालून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "शब्द म्हणजे शब्द. पुढच्या वर्षी खोक्यातलं."

"खोक्यातलं पडतं का?" तूवाने विचारलं.

"नाही. मजबूत असतं ते."

"मग नको!" तिचा ओठ थरथरायला लागला. "मग आम्हालापण सगळ्यांसारखं क्नूटपर्यंत थांबावं लागेल. आजोबा, यंदा तू का नाही पाडलंस? दर वर्षी पाडतोस ना आमच्यासाठी, नाताळातच खायला मिळावं म्हणून. मी वर्गात सगळ्यांना सांगितलंय. असा आजोबा कुणाकडेच नाहीये!"

स्टेलानने तोंड उघडलं. मी जवळचा वेलचीचा बन त्याच्या तोंडात कोंबला.

बिर्गरने बेरितकडे पाहिलं, मग माझ्याकडे. या माणसाची एकही थाप मी आजवर खपवून घेतलेली नाही, हे त्याला पक्कं माहीत. मी ताटल्या गोळा करायला लागले.

"यंदा जरा चुकलं," तो तूवाला म्हणाला आणि घडी घातलेला ॲप्रन उचलून पुन्हा बांधायला लागला. "पुढच्या वर्षी कितव्या तारखेला पाडू, सांग."