चालू गाडीचं टर्मिनल

मोतीराम मिस्तरीचा हात डायनामोवर बसला होता, आणि बसलेला हात सहजासहजी उठत नाही. उस्मानपुऱ्यातल्या पत्र्याच्या टपरीत तीस वर्षं त्यानं गाड्यांची बॅटरी भरणारे डायनामोच दुरुस्त केले. पण सत्त्याऐंशी साल उजाडेपर्यंत शहर वाळूजच्या कारखान्यांकडे सुसाट सुटलं, गाड्यांना डायनामोच्या जागी अल्टरनेटर आले आणि मिस्तरी बाकड्यावर बसून माशा मारू लागला. रस्त्यापलीकडे समोरच बद्रीनाथनं या नव्या मशिनच्या दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा मोतीराम चारचौघांत म्हणाला होता, "दिवाळीपतूर टिकलं तर मिशी काढीन." त्याला तीन दिवाळ्या झाल्या. मिशीची आठवण कुणी करून दिली नाही, याचंच त्याला जास्त वाईट वाटायचं.

त्या उन्हाळ्यात करमाडचा मल्हारराव जुनी डिझेल जीप घेऊन आला. पाऊस नाही, चारा नाही. मेंढरं विकून त्यानं ही जीप घेतली होती. उद्या पहाटेपासून कारखान्याच्या माणसांची ने-आण करायचं काम मिळणार होतं. ठेकेदाराची अट एकच, दिवे लख्ख पाहिजेत. नाहीतर दुसरी जीप तयारच होती. गाडी हळू चालली की डायनामो बॅटरी भरत नसे, आणि ठासून भरलेली जीप पळणार तरी किती? म्हणून त्यानं नवा अल्टरनेटर विकत आणला होता.

"मिस्तरी, तुमीच बसवा. आमच्याकडं तुमचं नाव हाय."

नाव! मोतीरामच्या दुखऱ्या गुडघ्यांना जरा बळ आलं. चालू गाडीत बॅटरीची वायर काढू नका, असं अल्टरनेटर विकणाऱ्या दुकानदारानं बजावल्याचं मल्हाररावानं सांगितलं. "व्हय, व्हय," मोतीराम म्हणाला. दुपारपर्यंत मशिन बसलं, पट्टा ताणला, जीप चालू झाली. दिवे लावले. आणि तीस वर्षं जे केलं तेच हातानं केलं. चार्जिंग होतंय का बघायला चालू गाडीच्या बॅटरीवरून वायरीचं टर्मिनल उपसलं.

दिवे भपकन वाढले.

"लई उजेड पडला की वं!" मल्हारराव हरखला.

मोतीरामनं घाईनं टर्मिनल परत लावलं, पण चार्जिंगचा काटा हलेना. कोरं मशिन त्याच्या हातानं जळलं होतं. गप्प बसला असता तर बॅटरीवर जीप गावापर्यंत गेली असती. पण त्यानं मल्हाररावाला खरं ते सांगितलं आणि अल्टरनेटर खोलून, फडक्यात गुंडाळून, त्याच्यासोबत बद्रीनाथकडे जायला रस्ता ओलांडला. तो एवढासा रस्ता त्याला लई लांब वाटला.

बद्रीनाथनं मशिन उघडून नाक मुरडलं. "चालू गाडीत टर्मिनल कुन्या शहाण्यानं काढलं?"

"म्या," मल्हारराव चटकन म्हणाला.

"मेंढरं राखायची सोडून कशाला हात घालता यात?" बद्रीनाथनं त्याचं धनगरी मुंडासं बघून त्याला चांगलंच फैलावर घेतलं. आतली जळालेली डायोडची पट्टी बदलून संध्याकाळपर्यंत देतो म्हणाला. मल्हारराव मान खाली घालून ऐकत राहिला.

बाहेर आल्यावर मोतीरामनं विचारलं, "का वं खोटं बोलला?"

"मेंढरं इकून दोन महिनं झालं, मिस्तरी. अजून रोज पहाटं मेंढरांचं वाडगं उघडाया उठतो मी. बायकू, बानाबाई, हात धरून परत निजवती. हाताला काय ठावं, मेंढरं गेली ते?"

मोतीरामला रडू फुटायचंच बाकी होतं. तो तसाच मागं फिरला आणि बद्रीनाथच्या दुकानात खाली फरशीवर बसला.

"बद्रीनाथ, टर्मिनल म्या काढलं," तो म्हणाला. "आता हे कसं जोडायचं, ते मला दाखव."