पीस कुणी घ्यायचं

आमच्या टीव्हीखाली गेमचा एक डबा आहे. लेक पुण्याला शिकायला गेली तेव्हा कपडे, पुस्तकं, इस्त्री सगळं घेऊन गेली आणि डबा तेवढा "बाबा, तुमच्यासाठी ठेवते" म्हणून मागं ठेवला. तिला वाटलं असणार, मी त्याच्यावर धूळ साठवीन. पण बारामतीत माझा फोटो स्टुडिओ आहे आणि भर दुपारी फोटो काढून घ्यायला कुणी येत नाही. बायको शाळेत शिकवते, ती संध्याकाळी घरी येते. मग पन्नाशी उलटलेला एक सभ्य गृहस्थ खिडकीचे पडदे ओढून टीव्हीसमोर बसायचा, आणि गल्लीला त्याचा पत्ता नव्हता.

गेम असा. एक बुटका गडी पळत सुटतो, खड्डे ओलांडतो, वाटेत येणाऱ्या किड्यांच्या डोक्यावर उड्या मारतो. या गेमचे बरेच भाग निघाले, आणि बहुतेक भागांत गड्याला उडता यावं म्हणून काहीतरी वस्तू असते. कधी टोपी, कधी पान. आमच्या भागात पीस आहे. हवेत लटकलेल्या पेटीला खालून डोकं मारलं की पांढरं पीस बाहेर पडतं आणि एकदा इकडं, एकदा तिकडं असं डुलत सावकाश खाली येतं. जो आधी शिवेल त्याला पंख फुटतात. मग जोरात पळायचं, बटण दाबायचं, की गडी ढगात. पहिल्यांदा उडालो तेव्हा मी खुर्चीतून चक्क उठून उभा राहिलो होतो.

अशात मामी आल्या. मामी म्हणजे माझ्या सासूबाई, निरवांगी गावच्या. त्यांच्या घरात एके काळी मेंढरं होती आणि लग्नानंतर कितीतरी वर्षं त्या मेंढरांमागं चालल्या. नंतर मेंढरं गेली, शेती आली, आणि शेवटी गुडघ्यानं हात टेकले. बारामतीतच ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, दीड महिना इथंच जवळ राहा, गुडघा वाकवत राहा. आत्ता आखडला तर आखडलेलाच राहील.

जवळ म्हणजे आमच्याकडे. म्हणजे लेकीच्या घरी, जावयाच्या दारात. नात जन्माला येईपर्यंत या बाईनं आमच्या घरचं पाणीही घेतलं नव्हतं. नंतरही सकाळच्या एसटीनं यायच्या आणि संध्याकाळच्या एसटीनं जायच्या. त्या आता मागच्या खोलीत पलंगावर, पाय ताठ सोडून. दुपारी घरात आम्ही दोघंच. मी खोलीत डोकावलो की त्या आधी डोक्यावरचा पदर ओढणार. काय हवं का विचारलं की उत्तर ठरलेलं, "काय न्हाय, पाव्हणं."

खरं काय ते त्यांना लघवीला जळजळ होऊन ताप भरला तेव्हा कळलं. खोलीच्या दारापर्यंत भिंत धरून येता यायचं, पण मोरीपर्यंत जायला कुणाच्या तरी हाताचा आधार लागणार, आणि दुपारी घरात हात कुणाचा, तर जावयाचा. म्हणून लेक शाळेत गेली की मामी ती परत येईपर्यंत पाण्याचा घोट घेत नव्हत्या. डॉक्टर बायकोला बोलले, बायको मला बोलली. मी मामींना काय बोलणार. त्यांनी लेकीला एवढंच सांगितलं, "लाज वाटती गं," आणि निरवांगीला मुलाला फोन लावला, रविवारी गाडी घेऊन ये म्हणून. तिकडं मोरी अंगणापलीकडं, वाटेत पायऱ्या. बायको स्वयंपाकघरात कणीक मळता मळता रडत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आवाज बारीक करून खेळत होतो. एका खड्ड्यात माझा गडी सारखा पडत होता. मागून आवाज आला.

"खड्ड्याच्या आधी थबकायचं की, पाव्हणं."

मामी भिंतीला धरून दारात उभ्या होत्या. न विचारता त्या मला पहिल्यांदाच काही बोलल्या होत्या. मी काही घडलंच नाही अशा बेतानं हॉलमधली उंच खुर्ची पुढं सरकवली आणि गेमचा दुसरा, लेकीचा रिमोट त्यांच्या हातात दिला. त्या बसल्या. खुर्ची उंच, त्यामुळं पाय खाली सोडावाच लागला आणि आठवडाभर न वाकलेला गुडघा वाकला. ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं, आणि मी गेम पुढं चालू केला.

आता पडद्यावर दोन गडी झाले, तांबडा माझा, निळा त्यांचा. किडे तुडवायला मामी तयार नव्हत्या. जाऊ द्या की त्यांना, त्यांचं त्यांचं चाललंय, असं म्हणून बाजूनं जायच्या. आणि मग पहिलं पीस निघालं.

"पाव्हणं, तुमी घ्या."

"छे छे, मामी, तुम्ही घ्या."

"आसं कसं. जावयाच्या आदी मी?"

"अहो, पहिलंच निघालंय, तुमचा मान."

"न्हाय न्हाय, तुमीच."

तेवढ्यात पीस डुलत डुलत आमच्या दोघांच्या मधून खड्ड्यात गेलं. आम्ही दोघं त्या खड्ड्याकडं बघत राहिलो.

पंगतीत असा आग्रह चालतो, कारण पोळी ताटात पडून राहते. पीस थांबत नाही. पण हे शहाणपण आम्हाला येईना. रोज पिसं निघत होती, रोज आम्ही एकमेकांना वाढत होतो आणि रोज ती खड्ड्यात चालली होती. एकदा मी गुपचूप मागं सरकलो, तर त्या माझ्याही मागं जाऊन उभ्या राहिल्या. संध्याकाळी बायकोला सांगितलं तर तिनं कपाळाला हात लावला, पण हसली.

शेवटी आम्ही एका रुंद दरीपाशी येऊन अडलो. उडाल्याशिवाय पलीकडं जाताच येत नाही. एक जण उडून गेला की दुसरा आपोआप तिथं पोचतो, पण एकानं तरी उडायला हवं. आम्ही मानापानात शुक्रवारभर तिथं मरत होतो.

शनिवार आला. मामींची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. घसा कोरडा पडल्यासारखा त्यांचा आवाज येत होता, आणि शेजारचा तांब्या सकाळी भरला होता तसाच होता. पेटीला डोकं मारलं. पीस निघालं, डुलायला लागलं. मी सवयीनं तोंड उघडलं, "मामी, तु..."

मामींनी घेतलं.

निळ्या गड्याला पंख फुटले. तो मागं गेला, पळत आला आणि उडाला. मामी खुर्चीतच पुढं झुकल्या, डोक्यावरचा पदर खांद्यावर आला, तोंडातून मेंढरं हाकतात तसा "हुर्रर" असा आवाज निघाला. पडदा त्यांच्या मागं सरकायला लागला आणि त्याच्या कडेनं माझ्या तांबड्याला ढकलत ढकलत दरीत लोटलं.

"मामी, मी पडलो."

"पडा खुशाल. मी चालले फुडं."

दरीपलीकडं उतरून, निशाणाला हात लावूनच त्या थांबल्या. जरा दम घेतला. पदर डोक्यावर घ्यायचा राहून गेला होता. टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाल्या, "पाव्हणं, पाणी द्या. आन् मग मला हात द्या, मोरीपतोर जायाचंय."

मी तांब्या दिला. त्यांनी तो घटाघटा रिकामा केला. मग मी हात पुढं केला आणि त्यांनी तो धरला, नुसता शिवल्यासारखा नाही, सगळा भार टाकून. आम्ही हळूहळू मोरीपर्यंत गेलो आणि परत आलो. वाटेत त्या म्हणाल्या, तुमी पळायला फार उशीर करता.

संध्याकाळी त्यांनी मुलाला फोन केला. "उद्या येऊ नगंस. हितं माझं काम निघालंय." पिशवी बायकोनं उघडली आणि लुगडी परत फळीवर ठेवली.

दीड महिन्यानं मामी आमचा जिना आपल्या पायांनी उतरून गेल्या. पुढं मी निरवांगीला गेलो तेव्हा पाट, तांब्या, पुरणपोळी, जावयाचा सगळा साग्रसंगीत मान. मी बास म्हणत होतो आणि त्या वाढत होत्या. मी म्हटलं, मामी, आमच्या घरी तर तुम्ही मला दरीत ढकलता.

"तितं तुमच्या घरात पीस माझं," त्या पोळीवर तूप ओतत म्हणाल्या. "हितं माझ्या घरात पोळी तुमची. खावा."